टेक सातवा

कॉलेजच्या खोलीत पंखा बंद केला तरी
पंख्याचा आवाज राहायचा.
प्रणोती म्हणाली, इलियासकडं चला,
कादराबादेत त्याच्या अब्बांचं गादीचं दुकान आहे,
कापूस आवाज खातो म्हणे.

खातो खरंच.
शटर अर्धं ओढलं, उशांची भिंत रचली,
मी टाळी वाजवून पाहिली
तर ती हातातल्या हातातच राहिली.

गिटार अंबडच्या एका पोराची.
तो पोलीस भरतीत लागला आणि साडेचार हजारांत देऊन टाकली,
पट्ट्यासकट, पट्ट्यावर त्याचं नाव खोडलेलं.
अ‍ॅम्प ऑर्केस्ट्रावाल्या मामांचा,
त्याच्या जाळीवर कुणाच्या तरी हळदीचे डाग.
प्रणोतीचा प्रोजेक्ट: सहा मिनिटं, वीस गुण,
गिटारचे तीन थर, सोमवारी जमा.

साडेदहाला तारेला हात न लावताच
गिटार घुमायला लागली.
इलियास म्हणाला, मिलच्या भट्ट्या चढल्या,
रात्रीची वीज स्वस्त पडते त्यांना.
तिकडं लोखंड वितळायलंय एमआयडीसीत
आणि इकडं बल्ब बारीक होतो, मोठा होतो,
घूं पण त्याच्यासोबत.

मग मी गिटार घेऊन जागच्या जागी फिरले,
होकायंत्रासारखी.
एका कोपऱ्याकडं तोंड केलं की घूं जरा कमी.
तशीच बसले, सगळ्यांकडं पाठ,
वर्गात शिक्षा झाल्यासारखी,
डोळ्यांपुढं फक्त लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड.

पहिल्या टेकला बोट घसरलं.
दुसऱ्यात बुलेट गेली.
तिसरा आठवत नाही.
चौथ्यात इलियासला शिंक आली, सरकीच्या धुळीची.
पाचवा असा झाला
की संपल्यावर आम्ही तिघंही गप्प.
प्रणोतीनं बटणच दाबलं नव्हतं.
सहाव्यात मी पाचवा शोधत होते.

लाडलेचाचा पोत्यावर बसून होते एवढा वेळ,
हेडफोन नाही, काही नाही.
त्यांना नुसती तारेची किरकिर ऐकू येत असणार.
म्हणाले, पोरी, ती तार वर काहून ओढतीस?
सूर वाकवायला, मी म्हटलं.
ते म्हणाले, आमची तात लई ताणली
की कापूस पिंजत नाही, तुटतो.
आणि उठले.

पिंजण खुंटीवर होतं, कॅलेंडरच्या मागं.
मशीन आल्यापासून तिथंच.
त्यांनी काढलं, फुंकर मारली,
दांडा डाव्या हातात तोलला, उजव्यात लाकडी दस्ता,
आणि एकदाच हाणला.

धुंग.

माझ्या सहाव्या तारेच्याही खाली,
कोमल आणि शुद्ध रिषभाच्या फटीत कुठंतरी.
उशांनी तो खाल्ला नाही.
किंवा खाल्ला असेल,
पण माझ्या मांडीवर गिटारच्या सगळ्या तारा थरथरत होत्या.

चाचांनी पिंजण परत टांगलं. चहा सांगायला गेले.

प्रणोतीचं बोट बटणावर होतं.
या वेळी दाबलेलं.

मी किल्ल्या पिळून सगळ्या तारा खाली आणल्या,
त्या आवाजाच्या जवळ, अगदी जवळ नाही.
सातवा टेक वाजवला.
पाचव्याइतका चांगला नाही झाला.

वीसपैकी अकरा.
परीक्षकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं,
पार्श्वभूमीला सतत गुणगुण,
आणि चौथ्या मिनिटाला बास गिटारचा एक स्वर बेसूर.
आमच्याकडं बास गिटार नव्हतीच.

शनिवारी मामांचा अ‍ॅम्प न्यायला गेले
तेव्हा चाचांना कागद वाचून दाखवला.
बेसूरवाल्या ओळीवर ते काही बोलले नाहीत.
टाका घालायची लांब सुई दातात धरून
गादीचा कोपरा दाबत राहिले.
मग सुई काढून म्हणाले,
गुणगुण तर भट्टीची होती.
कापूस लोखंड कसं खाईल?